एमएस सर्जरीची जागा: चॉइस फिलिंग नीट कसं करायचं

एमएस जनरल सर्जरी, म्हणजे एमबीबीएसनंतरची शस्त्रक्रियेची पदव्युत्तर पदवी. तिच्या प्रवेशाला आपल्याकडे मुलाखत नसते. नीट पीजी या प्रवेश परीक्षेतला रँक आणि तुम्ही भरलेली कॉलेजांच्या पसंतीची यादी (हेच चॉइस फिलिंग), या दोनच गोष्टींवर जागा ठरते. तेव्हा 'इंटरव्ह्यूची तयारी करून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर पाकीट खिशातच राहू द्या. विभागासमोर उभं राहायची वेळ पुढे एमसीएचला, म्हणजे एमएसनंतरच्या सुपरस्पेशालिटी पदवीला येते, तीही एम्स, पीजीआय अशा संस्थांच्या आयएनआय-एसएस या प्रवेश परीक्षेत. ते एमएस झाल्यावर बघू.

परीक्षेबद्दल इथे काही लिहीत नाही. २०० प्रश्न, बरोबरला ४, चुकीला उणे १, हे इंटर्नला माहीत असतंच.

नोंदणी दोन ठिकाणी करायची. दिल्लीच्या एमसीसीकडे (केंद्राची वैद्यकीय जागावाटप समिती) सरकारी कॉलेजांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या ५० टक्के जागा, सगळी डीम्ड (अभिमत) विद्यापीठं आणि डीएनबी, म्हणजे रुग्णालयात शिकून मिळणारी एमएसच्या बरोबरीची पदवी. मुंबईच्या सीईटी सेलकडे (राज्याचा प्रवेश कक्ष) राज्य कोटा आणि खासगी कॉलेजं. नाशिकजवळची आडगाव आणि धामणगावची खासगी कॉलेजं त्यातच येतात. नाशिकची मुलं हमखास दिंडोरी रोडला आरोग्य विद्यापीठात चौकशीला जातात. विद्यापीठ परीक्षा घेतं, पदवी देतं; जागावाटप तिथे होत नाही. पेट्रोल वाचवा.

एमसीसीची अनामत खुल्या वर्गाला २५ हजार, राखीवला १० हजार. डीम्डसाठी सगळ्यांना २ लाख. डीम्डची वार्षिक फी घरात कुणाला परवडणार नसेल तर 'असू दे' म्हणून डीम्डला टिक करू नका.

कागदपत्रांत एकच ठिकाण घात करतं, ते म्हणजे जातीची आणि उत्पन्नाची प्रमाणपत्रं. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर एमसीसीला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. व्हीजे आणि एनटी (विमुक्त आणि भटक्या जाती-जमाती) हे प्रवर्ग केंद्रात नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी तपासा. एसईबीसीचं (राज्याच्या मराठा आरक्षणाचं) प्रमाणपत्रही अखिल भारतीय कोट्यात कामाचं नाही. निकषात बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्र काढा. सेतूत अर्ज करताना 'केंद्र शासनाच्या नमुन्यात' हे शब्द स्वतः उच्चारा, नाहीतर समोरचा सवयीने राज्याचंच काढून देतो. हे काम निकालाच्या आधी उरका. कौन्सेलिंग (जागावाटप) सुरू झाल्यावर तहसीलला गर्दी होते आणि साहेब नेमके दौऱ्यावर असतात.

आता यादी. गोंधळ होतो तो इथेच.

संगणक काय करतो ते आधी समजून घ्या. तो रँकप्रमाणे एकेकाला घेतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली मोकळी जागा दिसेल ती देऊन टाकतो. त्याखालच्या पसंतींकडे तो बघतही नाही. याचा अर्थ, अवाक्याबाहेरचं कॉलेज वर टाकल्याने काहीही नुकसान होत नाही. 'पहिल्या दहात सेफ कॉलेज टाक, नाहीतर हातचं जाईल' हा सल्ला दरवर्षी ग्रुपवर फिरतो आणि दरवर्षी चुकीचा असतो. मुंबईचं केईएम हवं असेल तर केईएम वर, रँक काहीही असो. सेफ कॉलेज वर ठेवलंत तर तेच मिळेल आणि त्याहून चांगलं, तुमच्या रँकला मिळू शकणारं, खाली पडून राहील.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. जिथे मिळूनही जाणार नाही ती जागा यादीत नको. यादी लांब दिसावी म्हणून शेवटी भूलशास्त्र किंवा पॅथॉलॉजी टाकणाऱ्यांना तीच मिळते आणि मग रडारड होते. डीएनबीच्या यादीत न्यूरोसर्जरी, प्लास्टिक, बालशस्त्रक्रिया आणि हृदयशस्त्रक्रियेचे थेट सहा वर्षांचे कोर्सही असतात. घाईत जनरल सर्जरी समजून ते टिक होतात. नाव पूर्ण वाचा.

कुठे जागा मिळेल याच्या अंदाजासाठी क्लासवाल्यांचे प्रेडिक्टर नकोत. एमसीसी प्रत्येक फेरीच्या वाटपाची पीडीएफ टाकते. मागच्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्यांच्या उतरवून घ्या आणि तुमच्या प्रवर्गात सर्जरीचा शेवटचा रँक कुठे थांबला ते कॉलेजनिहाय लिहून काढा. फक्त पहिली फेरी बघून निराश होऊ नका. रेडिओलॉजी, स्किन, मेडिसिन आधी उडतात. सर्जरी पुढच्या फेऱ्यांत बरीच खाली येते.

कॉलेजांचा क्रम लावताना इमारत आणि नाव विसरा. सर्जरी हात चालवून येते, म्हणून हात कुठे चालतो ते शोधा. माझं मत स्पष्ट आहे: गर्दीचं, कळकट सरकारी रुग्णालय चकचकीत पण रिकाम्या ओटीपेक्षा (ऑपरेशन थिएटरपेक्षा) केव्हाही वर. चौकशी दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटकडे (तिथे एमएस करणाऱ्या डॉक्टरकडे) करा. पहिल्या वर्षाचा वॉर्डात बुडालेला असतो, त्याला सगळंच वाईट दिसतं. विभागप्रमुख सगळं उत्तमच सांगणार. 'कसं आहे?' असं विचारलंत तर 'चांगलं आहे' एवढंच ऐकू येईल. नेमके प्रश्न विचारा. युनिटं किती, आणि एका युनिटची इमर्जन्सी आठवड्यातून कितीदा? पहिलं अपेंडिक्स स्वतःच्या हाताने कितव्या महिन्यात केलंस? रात्री दोनला परफोरेशन (आतडं फुटलेला पेशंट) आलं तर लॅपरोटॉमी (पोट उघडून शस्त्रक्रिया) कोण करतं, तू की लेक्चरर? रात्री सीटी होतो का, रक्त मिळतं का? लॅप्रोस्कोपीचे सेट किती, कॅमेरा धरण्यापलीकडे काही मिळतं का? स्टायपेंड दर महिन्याला खात्यात येतं का? जागा सोडली तर दंड किती?

युरोलॉजी, गॅस्ट्रोसर्जरी असे स्वतंत्र विभाग भरपूर असलेल्या मोठ्या संस्थेत त्या केसेस एमएसच्या मुलापर्यंत पोहोचत नाहीत, हेही लक्षात घ्या. पुढे एमसीएच करायचं असेल तर तिथलं वातावरण उपयोगी. सिन्नर-निफाडला स्वतःचं हॉस्पिटल टाकायचं असेल तर हर्निया, पोट आणि ट्रॉमा भरपूर असलेलं कॉलेज वर घ्या. डीएनबीत पेशंट बहुतेक खासगी कन्सल्टंटचे असतात, म्हणून तिथे हाताला काय मिळतं हे दुप्पट खोदून विचारा. पदवी म्हणून डीएनबी कमी नाही.

मुदतीआधी यादी सेव्ह करा, लॉक करा, प्रिंट काढा. शेवटच्या तासात साइट रांगते. पुढच्या फेरीला यादी नव्याने भरावी लागते. जुनी आपोआप चालत नाही.

पहिल्या फेरीची जागा न घेता पुढे जाता येतं, अनामत जात नाही. दुसऱ्या फेरीत जागा मिळून रुजू झाला नाहीत तर अनामत गेली. रुजू होऊन अपग्रेड, म्हणजे पुढच्या फेरीत यादीतली वरची जागा, मागितलंत आणि वरची जागा मिळाली, की आधीची त्याच क्षणी दुसऱ्याच्या नावावर जाते, परत मिळत नाही. म्हणून अपग्रेडच्या फेरीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगल्या जागाच भरा. तिसऱ्या फेरीपासून नियम आणखी कडक होतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. सीनियरचे नियम त्याच्या वर्षीचे असतात.

रुजू होताना मूळ कागदपत्रं आणि फीचा डीडी न्या. एमसीसीतून मिळालेल्या जागेचं प्रवेशपत्र कॉलेजने एमसीसीच्या पोर्टलवरूनच काढलेलं हवं. साध्या लेटरहेडवर हाताने लिहून शिक्का मारलेलं पत्र ग्राह्य धरत नाहीत. क्लार्क 'नंतर करतो, सर्व्हर डाऊन आहे' म्हणाला तर तिथेच बाकावर बसून राहा.