फ्लशिंगचा निकाल कसा वाचावा: भ्रूण प्रत्यारोपण शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुप्रजनन हा विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षणास येणारे विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतात की, एका दाता गायीपासून (जिचे भ्रूण काढून दुसऱ्या गायींच्या गर्भाशयात सोडतात, तिच्यापासून) एका फ्लशिंगमध्ये, म्हणजे गर्भाशय धुऊन भ्रूण बाहेर काढण्याच्या एका खेपेत, किती भ्रूण मिळतात. अँगस, हेरफर्ड, शारोले अशा मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गायींचे फ्लशिंग परदेशांत अनेक दशके चालू असून तेथील सरासरी साधारण सहा प्रत्यारोपणयोग्य भ्रूणांची आहे. मात्र ही सरासरी नवख्याची दिशाभूल करते, कारण चार-पाच दाता गायींमागे एखादीकडून एकही योग्य भ्रूण हाती लागत नाही आणि एखादी गाय पंधरा-वीस भ्रूण देऊन जाते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, अंतिम आकडा कधीही एकटा वाचू नये.

आपल्याकडे मांसासाठीच्या दाता गायी नाहीत. येथे काम गीर, साहिवाल अशा दुधाळ गायींवर आणि म्हशींवर होते. तरीही परदेशांतील मांसासाठीच्या गायींच्या नोंदी अभ्यासाव्यात, कारण निकाल वाचण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. शिवाय ब्राझीलमध्ये मांसासाठी मोठ्या प्रमाणावर पाळली जाणारी नेलोर ही आपल्या ओंगोल गायींचीच वंशज असल्याने, तेथील अनुभव देशी गोवंशाला अधिक जवळचा ठरतो. देशी गायींना एफएसएचची (एका वेळी अनेक बीजांडे पक्व करणाऱ्या संप्रेरकाची) मात्रा विदेशी गायींपेक्षा सहसा कमी लागते, हे त्यातले एक महत्त्वाचे उदाहरण.

कार्यपद्धती थोडक्यात अशी आहे. माजचक्राच्या मध्यावर चार दिवस सकाळ-संध्याकाळ एफएसएचची उतरत्या मात्रेची इंजेक्शने देतात, तिसऱ्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन (माज आणणारे संप्रेरक) देतात, माज दिसू लागल्यापासून सुमारे 12 आणि 24 तासांनी कृत्रिम रेतन करतात आणि माजानंतर सातव्या दिवशी फॉली कॅथेटरने (टोकाशी फुगा असलेल्या नळीने) गर्भाशयाची दोन्ही शिंगे, म्हणजे त्याच्या दोन शाखा, धुऊन घेतात.

निकालाचे खरे वाचन यानंतर सुरू होते आणि त्यासाठी चार आकडे एका ओळीत लिहिलेले असावे लागतात: बीजांडकोशांवरील पीतपिंड (बीजांड सुटून गेल्यावर त्या जागी तयार होणारी गाठ), सापडलेली एकूण बीजांडे व भ्रूण, त्यांपैकी फलित किती, आणि फलितांपैकी प्रत्यारोपणयोग्य किती. पीतपिंड बारा असून हाती चारच आले, तर औषधाला दोष देण्याआधी कॅथेटरचा फुगा कोठे फुगवला होता, आत सोडलेला द्रव पूर्ण परत आला का आणि तो द्रव गाळणारी गाळणी कोरडी तर पडली नाही ना, हे तपासावे. बाराच्या बारा सापडले, परंतु त्यांतली बहुतेक अफलित निघाली, तर संशय वीर्यकांडीवर (गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळीवर), ती वितळवण्याच्या पद्धतीवर किंवा रेतनाच्या वेळेवर जातो. फलन झाले, पण भ्रूण वाढ खुंटलेले किंवा विघटित असतील, तर गायीचा आहार, उष्णतेचा ताण, गर्भाशयातील सुप्त दाह आणि मागेपुढे झालेले बीजमोचन (बीजांडे सुटणे) यांचा विचार करावा लागतो. पीतपिंडच दोन-तीन असतील, तर मात्र प्रश्न मुळात प्रतिसादाचा आहे, आणि पुढील वेळी उपचार सुरू करण्यापूर्वी सोनोग्राफीने बीजांडकोशातील लहान पुटकांची (बीजांड वाढते त्या द्रवाने भरलेल्या पिशव्यांची) संख्या पाहून घेणे शहाणपणाचे ठरते. प्रतिसाद चांगला असेल तेव्हा पीतपिंड एकमेकांना खेटून येतात आणि हाताने अचूक मोजता येत नाहीत. तेथेही सोनोग्राफीचाच आधार घ्यावा.

सूक्ष्मदर्शकाखालील कामाला घाई मुळीच चालत नाही. भ्रूणाचा व्यास आवरणासह सुमारे 150 ते 190 मायक्रॉन असतो आणि गाळणीची छिद्रे साधारण 75 मायक्रॉनची, त्यामुळे भ्रूण गाळणीवर राहतो. पण श्लेष्मात अडकलेला भ्रूण नवख्या डोळ्याला सहज चुकवतो. अफलित बीजांड आणि घट्ट मोरुला (पेशी एकमेकींना चिकटून गोळा झालेला भ्रूण) यांत नवखे फार गोंधळतात. भ्रूण बशीत हलकेच लोळवून सर्व बाजूंनी पाहिला की पेशींच्या कडा दिसू लागतात. अफलित बीजांडाचा गोळा मात्र सर्व बाजूंनी सलग आणि एकसारखाच दिसतो. आंतरराष्ट्रीय भ्रूण तंत्रज्ञान संस्थेची प्रतवारी 1 ते 4 अशी असून 1 म्हणजे उत्तम किंवा चांगला आणि 4 म्हणजे मृत, विघटित किंवा अफलित. गोठवण्यासाठी पहिल्या प्रतीचेच भ्रूण निवडावेत. तिसऱ्या प्रतीचे भ्रूण वापरायचेच असतील, तर ताजेच वापरावेत.

मुंबईत शिकणाऱ्याला हात तयार करण्याची संधी भरपूर आहे. गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांतील म्हशींवर गुदमार्गे तपासणीचा सराव झाला की कॅथेटरचे टोक शिंगात कोठे पोहोचले आहे, हे बोटांना कळू लागते. मात्र गायीचे वेळापत्रक म्हशीला लावू नये. म्हशीचा भ्रूण गर्भाशयात लवकर उतरतो, म्हणून तिचे फ्लशिंग सहसा एखादा दिवस आधी करतात, आणि प्रत्यारोपणयोग्य भ्रूणांची सरासरीही गायीपेक्षा बरीच कमी राहते. ऑक्टोबरच्या उकाड्यात फ्लशिंग ठेवले असेल, तर त्या दिवसांतले तापमान आणि गायीची धाप नोंदवहीत लिहावी. विघटित भ्रूणांचे कारण पुढे शोधताना या नोंदी फार उपयोगी पडतात.

मालकाला निकाल सांगताना चारही आकडे सांगावेत. पहिल्याच फ्लशिंगला शून्य आले म्हणून गाय दाता गायींच्या यादीतून काढू नये. नुकसान कोणत्या टप्प्यावर झाले ते ठरवावे, सहा ते आठ आठवड्यांची विश्रांती द्यावी आणि पुढच्या वेळी शक्यतो एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशामुळे पडला ते नोंदवहीतून दाखवता येईल.