पत्रमैत्रीवरचा शब्दकोड्यांचा गेम मराठीत करताय? या चुका टाळा

आठव्या वर्षी दोन पत्रमित्र एकमेकांना लिहू लागतात, विशीपर्यंत लिहीत राहतात आणि खेळणारा त्या पत्रांतली अक्षरं-शब्द हलवत गोष्ट पुढे नेतो. असा गेम मराठीत करायला घेतला की पहिला अडथळा अक्षरांचाच येतो.

‘पत्र’ हा शब्द टाइलवर मांडताना आपल्याला दोन अक्षरं दिसतात, संगणकाला चार कोड: प, त, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), र. कोडप्रमाणे शब्द तोडला तर एका टाइलवर नुसता हलन्त उरतो आणि त्याबरोबर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. म्हणून अक्षरसमूहाप्रमाणे, म्हणजे डोळ्यांना एक दिसणाऱ्या अक्षराप्रमाणे तोडा. मात्र देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक मानकाच्या, १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. शब्द तोडणारी जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) ‘त्’ आणि ‘र’ वेगळे करून देते. तसं होत असेल तर हलन्तानंतरचं व्यंजन मागच्या टाइलला जोडणारा नियम स्वतः लिहा.

बरोबर उत्तराला गेम चूक म्हणतोय? आधी ‘दुसऱ्या’सारखे शब्द तपासा. यातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो: ऱ, हलन्त, य; किंवा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे), य. दिसायला दोन्ही सारखेच, पण तुलनेत वेगळे ठरतात. एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी कोडरूपं एकसारखी करण्याची युनिकोडची पद्धत) केल्याने हे सुटत नाही, कारण जोडचिन्ह तसंच राहतं. तुलनेआधी खेळाडूचं आणि साठवलेलं अशी दोन्ही उत्तरं पहिल्या रूपात आणा.

युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधलं मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी आपणहून नीट मांडत नाही. गोडो ४ या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं जुळवून मांडणारी हार्फबझ लायब्ररी असल्याने हा त्रास वाचतो. हस्ताक्षराचा फॉन्ट निवडताना ऱ्य, ळ, ॲ आधी बघा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

आता कोड्यांकडे. सगळ्यात मोठी चूक इथे होते: ‘शब्द योग्य क्रमाने लावा’. मराठीत ‘मी उद्या येईन’, ‘उद्या मी येईन’, ‘येईन मी उद्या’ हे सगळंच चालतं. एकच क्रम बरोबर धरला तर खेळणारा वैतागतो, आणि त्याचं चूक नसतं. त्याऐवजी जागा बदलली की अर्थ बदलेल असा तुकडा हातात द्या. ‘च’ त्यासाठी फार उपयोगी आहे. ‘मीच उद्या येईन’ म्हणजे दुसरं कुणी नाही. ‘मी उद्याच येईन’ म्हणजे परवावर ढकलणार नाही. ‘मी उद्या येईनच’ म्हणजे शब्द दिला. एका टाइलच्या तीन जागा, आणि प्रत्येक जागेला समोरून वेगळं उत्तर यायला हवं. तिन्हींना एकच साचेबंद उत्तर आलं तर कोडं सुटतं, पत्रव्यवहार मात्र मरतो.

रिकाम्या जागांच्या कोड्यात मोजदाद करा. तीन जागा आणि पाच शब्द म्हणजे ६० मांडण्या. स्क्रिप्टने सगळ्या छापून घ्या आणि माणसाकडून वाचून घ्या. अर्थ लागणारी प्रत्येक मांडणी स्वीकारा, नाहीतर शब्द बदला.

खेळाडूला पात्र निवडू देणार असाल तर क्रियापदं घात करतात. ‘मी आलो’ की ‘मी आले’? प्रत्येक वाक्याच्या दोन आवृत्त्या लिहा, किंवा ‘मला आवडलं’, ‘मी येईन’ अशी लिंग न दाखवणारी रूपं वापरा. टाइलच्या कोड्यात दुसरा मार्ग सोपा, कारण तिथे एक अक्षर बदललं की अख्खं कोडं बदलतं.

वय वाढलं म्हणून नुसते शब्द लांब करू नका. आठव्या वर्षी काना-मात्रा भरायला द्या, बाराव्या वर्षी शब्द बदलायला, सोळाव्या वर्षी आधीच लिहिलेलं वाक्य खोडायला. त्या वयात काय लिहिलं यापेक्षा काय खोडलं ते महत्त्वाचं, आणि खोडलेलं वाक्य पत्रात पुसट दिसत राहू द्या.

लहानपणीच्या पत्रांत ‘नदि’, ‘मि’ अशा चुका मुद्दाम ठेवायच्या असतील तर दिसणारं रूप आणि तपासायचं रूप वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि दिसणाऱ्या रकान्यावर ‘बदलू नये’ अशी खूण करा. ती नसेल तर शेवटच्या वाचनात मुद्रितशोधक ‘नदि’ची ‘नदी’ करतो आणि वेलांटीचं कोडंच नाहीसं होतं.