संचालक मंडळातली विविधता आणि बँकेचा नफा: या चुका टाळा

या विषयावरचा प्रबंध हातात आला की मी निष्कर्ष नंतर वाचतो. आधी महिला संचालकांच्या टक्केवारीचा रकाना बघतो. बरीचशी गडबड तिथेच सापडते.

एका प्रबंधात एका बँकेचा हा आकडा वर्षभरात ८.३ वरून १२.५ वर गेलेला, आणि त्याच वर्षी बँक तोट्यात. निष्कर्ष तयारच: विविधता वाढली की नफा घटतो! म्हटलं, वार्षिक अहवाल काढा. बाराजणांच्या मंडळात एक बाई होत्या. चार पुरुष संचालक बाहेर पडले, आठजण उरले, बाई त्याच. बँक अडचणीत आली म्हणून माणसं गेली आणि माणसं गेली म्हणून टक्का चढला. हे दाखवल्यावर पोरगा म्हणतो, "पण सर, पी-व्हॅल्यू चांगली आलीय." असा आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. आली असेल चांगली, करायचंय काय तिचं?

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी मी कागदावर दर बँकेची दर वर्षाला एक ओळ लिहितो: एकूण किती, महिला किती, कोण आलं, कोण गेलं, कुठल्या महिन्यात. महिना हवाच. शेवटच्या महिन्यात आलेल्या संचालिकेच्या खात्यावर वर्षभराचा नफा कसा मांडणार? मी नफ्यासमोर आदल्या वर्षीचं मंडळ ठेवतो. तयार डेटाबेसातून रकाना उचलणाऱ्यांना हे वेळखाऊ वाटतं. वाटू दे.

तरी आधी कोंबडी की आधी अंडं हा घोळ उरतोच, कारण चांगल्या चाललेल्या मोठ्या कंपन्या महिला संचालक जास्त नेमतात. ॲडम्स आणि फरेरा यांच्या २००९ च्या अमेरिकी कंपन्यांवरच्या अभ्यासात साधा संबंध नफ्याच्या बाजूचा दिसला, पण हा घोळ हिशेबात घेतल्यावर सरासरी परिणाम उणे निघाला. बैठकांची हजेरी मात्र सुधारलेली होती. तेव्हा फिक्स्ड इफेक्ट (दर बँकेचा कायमचा वेगळेपणा हिशेबातून बाजूला काढणारी पद्धत) न लावता "मुळे" हा शब्द लिहू नका.

कामगिरी म्हणून एकटा आरओई (भांडवलावरचा नफ्याचा टक्का) घेऊ नका. मालमत्ता १००, भांडवल ५, नफा १ असेल तर आरओई २० टक्के. भांडवल ४ वर आलं की तोच नफा २५ टक्के दिसतो, आणि बँक मात्र जास्त नाजूक झालेली असते. सोबत आरओए (मालमत्तेवरचा नफ्याचा टक्का) आणि थकीत कर्जं ठेवा.

मंडळ किती मिश्र आहे हे मोजणारा ब्लाऊ निर्देशांक दोनच गटांत ०.५ च्या वर जात नाही. सगळे पुरुष असोत वा सगळ्या महिला, तो शून्यच.

जर्मनीत देखरेख मंडळ वेगळं, व्यवस्थापन मंडळ वेगळं. दोन्हींची बेरीज करून एकच मंडळ असलेल्या बँकांशेजारी मांडू नका.