कामिनोचा पहिला दिवस: या चुका टाळा, पाय वाचवा

सां जाँ पिए द पोर ते रोन्सेसवायेस. फ्रान्समधून पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये उतरणारा कामिनो फ्रान्सेसचा, म्हणजे सांतियागोच्या पायी यात्रेच्या वाटेचा, हा पहिला टप्पा मी तीनदा चालले आहे, त्यातलं दोनदा छोटा गट सोबत घेऊन. सां जाँहून सांतियागो सुमारे ७८० किलोमीटरवर आहे. दर वेळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पामप्लोनात पोचलं की बस कुठून सुटते ते विचारत लंगडणारी माणसं भेटतात. त्यांच्याशी बोलायला बसलं की गोष्ट पहिल्या दिवसावरच येते, आणि बहुतेक वेळा सकाळी दहाच्या आसपासच्या एका क्षणावर.

टाच गरम लागली तरी चालत राहणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती टाळायला पाच मिनिटं पुरतात.

आमच्या गटात नाशिकचे एक काका होते. वय अठ्ठावन्न, सह्याद्रीत भरपूर फिरलेले, कळसूबाई कितीदा केलं ते मोजणं त्यांनी सोडलं होतं. बूट मात्र निघायच्या तीन आठवडे आधी घेतलेले. सां जाँचा स्पेन दरवाजा ओलांडला की डांबरी रस्ता लगेच अंगावर येतो, तो हुंतो या वस्तीपर्यंत सोडत नाही. तिथे पोचता पोचता काका म्हणाले, "उजव्या टाचेला जरा गरम लागतंय."

मी म्हटलं, "काका, बूट काढा. पाच मिनिटं."

"अगं, आत्ताच तर लय सापडलीये. वर ओरिसोनला बघू."

ओरिसोन म्हणजे चढावरचा यात्रेकरूंचा आसरा. तिथे कॉफीसाठी रांग होती. वीस मिनिटं उभं राहिल्यावर पाय निवला, जळजळ थांबली आणि काकांना वाटलं, गेलं एकदाचं. पुढे बियाकोरीच्या मातेच्या मूर्तीपाशी वारा सुटला होता, तिथे बसायला कुणीच तयार नव्हतं. संध्याकाळी रोन्सेसवायेसला बाकावर बसून त्यांनी बूट काढला, तर मोजा टाचेला चिकटलेला. कोमट पाण्याने भिजवून मी तो सावकाश सोडवला. आत जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी कातडी मोज्याबरोबर निघून आली, खाली ओलं लाल मांस. दुसऱ्या दिवशी ते सँडल घालून सुबिरीपर्यंत आले. सुबिरीच्या आधीचा तो दगडधोंड्यांचा उतार सँडलवर, पाऊल तिरकं टाकत उतरले. त्यात गुडघाही धरला. पामप्लोनातून ते परत फिरले. दोन वर्षं पैसे साठवून आलेला माणूस तीन दिवसांत घरी निघाला. तेव्हा मी त्यांना हाताला धरून का बसवलं नाही, हे अजून मनातून जात नाही.

फोड येण्याआधी कातडी गरम लागते. आत घासायला सुरुवात झालेली असते, पण वरून ती शाबूत असते, कोरडी असते, त्यामुळे पट्टी नीट चिकटते. पाणी धरलं की पुढे सगळी मलमपट्टीच. थांबल्यावर जळजळ कमी होते याचा अर्थ टाच बरी झाली असा घेऊ नका, घर्षण थांबलं एवढंच झालेलं असतं.

माझी सवय सांगते. दुखो न दुखो, पहिल्या तासानंतर मी थांबतेच. दोन्ही बूट, दोन्ही मोजे काढते, पाय पुसते, बोटांच्या बेचक्यात बघते. जिथे लाली दिसेल तिथे मायक्रोपोरची (कागदी चिकटपट्टीची) पट्टी, कोपरे कात्रीने गोल कापून, म्हणजे ते मोज्यात अडकून सुटत नाहीत. मोजे लोकरीचे, बदलायला दुसरा जोड, ओला जोड सेफ्टी पिनने सॅकवर वाळत. युरोपातल्या औषधांच्या दुकानात जेलचं प्लास्टर मिळतं, तेही चांगलं. पण एकदा लावलं की कडा आपोआप सुटेपर्यंत हात लावू नका. ओढून काढलंत तर सोबत कातडी येते.

आणि बूट जुने हवेत. आळंदीहून निघणारा वारकरी नवी कोरी चप्पल पायात घालून वाटेला लागत नाही. एवढं साधं शहाणपण महागडे बूट घेताना का विसरलं जातं, कळत नाही.

ओरिसोनला मुक्काम करायला नको म्हणणं

सां जाँ समुद्रसपाटीपासून जेमतेम १७० मीटरवर. लेपोएदेरची खिंड १,४३० मीटरवर. दिवसभराचं अंतर सुमारे २५ किलोमीटर. विमानप्रवासाने आंबलेल्या अंगाने हे एका दिवसात करायची कुणाचीच सक्ती नाही. ओरिसोनचा आसरा ८ किलोमीटरवर आहे, जागा आधी राखून ठेवावी लागते. तिथे राहिलात तर दुसऱ्या दिवशी १७ किलोमीटर उरतात. हे सुचवलं की नवखी मंडळी हिरमुसतात. "फक्त आठ? एवढ्या लांब आलोय ते आठ किलोमीटर चालायला?" ट्रेक एका दिवसाचा असतो, नंतर घरी पाय शेकत बसता येतं. इथे उद्या पुन्हा वीसबावीस किलोमीटर आहेत, आणि परवाही. सांतियागोचं प्रमाणपत्र शेवटचे १०० किलोमीटर पायी केल्यावर मिळतं. पहिल्या दिवशी तुम्ही किती चाललात ते कुणी विचारणार नाही. मग घाई कुणासाठी?

टॅक्सीने अर्ध्या चढावर जाऊन उतरणंही मला पटत नाही. गुडघा दुखतोय, वय झालंय, तर जरूर जा. पण निव्वळ वेळ वाचवायला गेलात, तर पायांना चढाची सवय न होताच तो लांब उतार समोर येतो.

फ्रान्समध्ये पिवळे बाण शोधणं

कामिनोची वाट दाखवणारे पिवळे बाण ही स्पेनमधली देणगी. ओ सेब्रेइरोचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८० च्या दशकात ते रंगवायला सुरुवात केली. सीमेच्या अलीकडे मात्र लाल-पांढऱ्या पट्ट्यांवर भिस्त ठेवा, हा जीआर ६५ या पायवाटेचा खुणांचा नेम आहे. त्याच रंगांची फुली दिसली तर ती वाट आपली नाही. वर वाटेत एक क्रॉस लागतो, तिथे डांबरी रस्ता सोडून उजवीकडे गवतातून जायचं असतं, धुक्यात तिथे माणसं सरळ पुढे निघून जातात.

पाणी: ओरिसोनला बाटल्या भरा. पुढे सीमेजवळ रोलाँचा झरा आहे, पण दोन लिटर पाठीवर असल्याशिवाय मी ओरिसोन सोडत नाही.

वजन: सॅक तुमच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत हवी. जीन्स घरी ठेवा.

हवामान: १ नोव्हेंबर ते ३१ मार्च डोंगरावरची वाट बंद असते. तेव्हा वालकार्लोसच्या खोऱ्यातून जायचं. इतर वेळीही सां जाँच्या यात्री कार्यालयातले स्वयंसेवक वर जाऊ नका म्हणाले तर ऐका. संकटात ११२ लावा.

झेवियरचा किल्ला: जुन्या गोव्यात ज्यांचं पार्थिव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर याच नवारा प्रांतातले, जन्म १५०६. गोव्याची, वसईची मंडळी वाटेत तिथे डोकावून येऊ म्हणतात. किल्ला वाटेवर नाही, पामप्लोनापासून पन्नासेक किलोमीटर बाजूला आहे. त्यासाठी वेगळा दिवस काढा, बसने जा.

खिंड आली, आता संपलंच, असं मानणं

लेपोएदेरला पोचलं की खाली रोन्सेसवायेसची छपरं दिसतात आणि माणसं धावत सुटतात. इथे दोन वाटा आहेत. एक बीचच्या जंगलातून थेट खाली, दुसरी जरा वळसा घेऊन इबान्येताच्या खिंडीतून. थेट वाटेवर सुमारे ४ किलोमीटरमध्ये जवळपास ५०० मीटर उतरायचं असतं, पाऊस झाला असेल तर ओल्या पानांखाली चिखल आणि मुळं. एका सप्टेंबरात माझ्यासमोर एक धडधाकट तरुण तिथे घसरला, मनगट मोडलं. त्याच्या आधी दोन मिनिटं तो मला "चला, हळू काय चालताय!" म्हणत पुढे गेला होता.

जमीन ओली असेल तर मी इबान्येताचीच वाट धरते. कोरडी असेल तरी उतारापूर्वी बसते, लेस पुन्हा बांधते, घोट्यापाशी घट्ट, म्हणजे बोटं पुढे आपटून नखं काळी पडत नाहीत. काठ्या थोड्या लांब करते. पावलं छोटी. पंधरावीस मिनिटं जास्त लागतात.

रोन्सेसवायेसला बूट वेगळ्या खोलीत ठेवायचे असतात. ओले असतील तर जुनं वर्तमानपत्र मागून घ्या, चुरगाळून बुटांत पुढच्या टोकापर्यंत कोंबा, लेस पूर्ण सैल सोडा. संध्याकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) सँडलवर जा, यात्रेकरूंना आशीर्वाद तिथेच मिळतो. झोपण्यापूर्वी वर्तमानपत्र एकदा बदला आणि उद्याच्या पट्ट्या कापून बुटांशेजारी ठेवा.