नावाआधीचं ‘मेस्टर’

नेदरलँड्समधल्या लायडनला कायद्यातलं मास्टर्स करायला आले, त्या पहिल्याच हिवाळ्यात इंटर्नशिपसाठी एका वकिलांना मेल लिहिला. नावाआधी ‘एमआर.’ दिसलं, म्हणून मी ‘डिअर सर’ लिहून पाठवून दिला. उत्तर आलं एका बाईंचं. राग नव्हता, पण मी फार ओशाळले.

डच नावाआधीचं ते ‘एमआर.’ म्हणजे मिस्टर नव्हे, ‘मेस्टर इन द रेख्तन’. कायद्याची पदवी. बाईला तेच, पुरुषाला तेच. मिस्टरसाठी तिथे ‘डीएचआर.’ लिहितात, म्हणजे ‘द हेर’. मेस्टर आला लॅटिन ‘मॅजिस्टर’वरून, आपला मास्तरही त्याच कुळातला. प्राथमिक शाळेतली डच मुलं गुरुजींना आजही ‘मेस्टर’ अशीच हाक मारतात. हे कळलं तेव्हा तो परका शब्द मला एकदम जवळचा वाटला.

‘हेर’ची गोष्ट तर आणखी सुंदर आहे. मूळ अर्थ ‘अधिक ज्येष्ठ’. इंग्रजीतलं ‘सर’ लॅटिन ‘सीनियर’वरून आलं, त्याचाही अर्थ तोच. म्हणजे वय हाच दोन्हीकडे मानाचा पाया. ‘मेइन हेर’, माझे धनी, हे झिजून ‘मनेर’ झालं. एकेकाळी सरदाराला मिळणारा हा मान आता ट्राममधल्या तिकीट तपासनिसालाही मिळतो. बाईंसाठी ‘मव्राउ’.

बोलताना पदवी उच्चारू नका. मनेर किंवा मव्राउ आणि आडनाव पुरतं. पदव्या कागदावर भेटतील. ‘आयआर.’ म्हणजे डेल्फ्टसारख्या तांत्रिक विद्यापीठातून झालेला इंजिनियर. ‘डीआरएस.’ म्हणजे डॉक्टोरान्डुस, शब्दशः ‘ज्याने अजून डॉक्टर व्हायचं आहे तो’. २००२ मध्ये बॅचलर-मास्टर पद्धत आल्यापासून हे मुख्यतः जुन्या पिढीच्या नावाआधी दिसतं. आणि एक कळकळीने सांगते: भारतातली एलएलबी आहे म्हणून आपणहून ‘एमआर.’ लावू नका. या पदव्यांना कायद्याचं संरक्षण आहे. परदेशी पदवीवर डच पदवी लावायची तर ‘ड्युओ’ या सरकारी संस्थेची परवानगी लागते.

बाईंना पहिल्या मेलची सुरुवात ‘खआख्ते मव्राउ’, म्हणजे ‘आदरणीय बाई’, आणि आडनाव अशी करा. स्त्री की पुरुष हे कळत नसेल तर ‘खआख्ते हेर, मव्राउ’ दोन्ही लिहा. समोरून उत्तराखाली नुसतं पहिलं नाव आलं, की तुम्हीही ‘बेस्ते’, म्हणजे ‘प्रिय’, लावून त्या नावाने लिहू शकता. त्या बाईंच्या उत्तराखाली तसंच होतं. माफी मागायची होती, म्हणून दुसऱ्या मेलमध्ये मी तरीही ‘खआख्ते मव्राउ’च लिहिलं.