करिअरची वही: अप-डाऊन करणाऱ्यांनी ती कशी घालायची

मी एरंडोल तालुक्यातल्या एका खेड्यातून जळगावला अप-डाऊन करते. बी.एस्सी., केमिस्ट्री, शेवटचं वर्ष. करिअर प्लॅनिंगचे जे व्हिडिओ मैत्रिणी पाठवतात त्यांतला मुलगा पहाटे पाचला उठतो आणि थेट टेबलावर बसतो. आपल्याकडे पाचला उठलं की आधी नळ आलाय का बघायचं, मग म्हशीचं, मग डबा, मग फाट्यावर एसटी. त्या मुलाचं वेळापत्रक छापून भिंतीला लावलं तर ते आठवडाभर भिंतीलाच राहतं. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगते. आधी आपल्या दिवसात खरोखर किती वेळ उरतो ते बघा, मग ‘काय व्हायचं’ ते ठरवा. शंभर पानी साधी वही पुरते.

पहिली पानं: वेळ

एक आठवडा काहीही बदलू नका. रोज रात्री फक्त लिहा, कोणता वेळ कुठे गेला. ‘अभ्यास केला’ असं मोघम लिहू नका. कुठे बसून, किती सलग, मध्ये कोणी उठवलं का, हेही लिहा.

एवढ्यावर तासांचे प्रकार दिसायला लागतात. माझे सांगते. सकाळची एसटी भरून येते, बांभोरीला विद्यापीठाची आणि इंजिनीअरिंगची पोरं उतरेपर्यंत उभंच राहावं लागतं. त्या वेळात पुस्तक उघडण्यात अर्थ नाही, पण काल वाचलेलं मनात उजळता येतं: एखादी रिअ‍ॅक्शन पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत, डोळे मिटून. दुपारी जळगाव स्टँडवरून परत निघताना गाडी तिथूनच सुटते म्हणून जागा मिळते. तो वेळ वाचायचा म्हणून धरला तर हमखास झोप लागते. मग झोपाच. त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका, रात्री त्याचा उपयोग होतो. संध्याकाळ स्वयंपाकात जाते. सलग दोन तास मिळतात ते रात्री जेवणं झाल्यावर, आणि सलग तीन तास फक्त रविवारी.

हा ‘सलग’ शब्द वहीत अधोरेखित करा. आयआयटी जॅम, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेशाची परीक्षा, तिचा पेपर तीन तासांचा, 60 प्रश्न, 100 गुण. राज्यसेवेच्या (एमपीएससी) पूर्व परीक्षेत दोन-दोन तासांचे दोन पेपर एकाच दिवशी. ज्याच्याकडे आठवड्यात सलग तीन तास एकदाच येतात त्याने दर आठवड्याला एकच सराव पेपर धरायचा. एवढ्यावर कोणती परीक्षा झेपते आणि तयारी किती महिने आधी सुरू करायची याचं अर्धं उत्तर मिळतं.

दुसरं, वर्षाचं पान. इथे आपल्या भागाचा हिशेब पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागते. मजूर मिळत नाहीत, म्हणून कॉलेजची मुलगीसुद्धा सुट्टीच्या दिवशी कमरेला ओटी बांधून शेतात असते. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे तयारीचा भर नेमका वेचणीत येतो. तो महिना सराव पेपरसाठी मोकळा धरू नका. श्रावणात दोन जास्तीचे देऊन ठेवा. शेतीची वीज रात्रपाळीची असेल तो आठवडाही वेगळा: पप्पा मोटर चालू करायला जातात, दार वाजतं, कुत्री भुंकतात, सगळं घर जागं होतं. आणि एप्रिल-मे. जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो, दुपारी पत्र्याच्या खोलीत वहीवर घाम टपकतो. विद्यापीठाच्या एका सत्राच्या परीक्षाही उन्हाळ्यातच. त्या दिवसांत अकरा ते पाच घरी अभ्यास होईल असं गृहीतच धरू नका. कॉलेजची लायब्ररी किंवा तालुक्याची अभ्यासिका, जिथे कूलर आहे तिथे जा, आणि घरचा अभ्यास पहाटे किंवा रात्री गच्चीवर.

एका वाटेला एक पान

आता वाटा. प्रत्येक वाटेला एक पूर्ण पान द्या आणि त्यावर हे रकाने पाडा: पात्रता, वयाची अट, अर्ज आणि परीक्षेचा महिना, एकूण खर्च, राहायचं कुठे, आणि नाही जमलं तर हातात काय उरतं. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही.

पात्रता कधीही ऐकीव लिहू नका. मूळ जाहिरातीतला ‘शैक्षणिक अर्हता’ हा भाग स्वतः वाचा. एक उदाहरण देते. आमच्या वर्गात अर्ध्या जणांना अन्न व औषध प्रशासनात जायचं आहे. औषध निरीक्षकाला मुख्यतः फार्मसीची पदवी लागते, तिथे आपली केमिस्ट्री चालत नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला केमिस्ट्री चालते, पण एम.एस्सी. लागते, नुसत्या बी.एस्सी. केमिस्ट्रीवर नाही. बायोटेक्नॉलॉजी किंवा फूड टेक्नॉलॉजीची मात्र पदवी पुरते. म्हणजे ज्याला ते पद हवं आहे त्याच्यासाठी एम.एस्सी. ही त्याच वाटेवरची पायरी झाली, तिचं वेगळं पान नको. जाहिरात नीट वाचली की अशी दोन पानं एकात जातात.

राज्यसेवेचं पान लिहिताना जुन्या सिनिअरचं ऐकून थांबू नका. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे: नऊ पेपर, मुख्य परीक्षेचे 1750 गुण आणि मुलाखतीचे 275. पर्यायांवर खुणा करण्याची सवय तिथे कामाला येत नाही, हाताने भरभर आणि मुद्देसूद लिहावं लागतं. पूर्व परीक्षेतला सीसॅट (आकलन आणि बुद्धिमापनाचा पेपर) आता फक्त पात्रतेपुरता, 33 टक्के. सायन्सवाल्यांना तो सोपा जातो, म्हणून आपली तयारी झाली असा भास होतो. त्या भासावर जाऊ नका. रोज एक पान मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहून होतंय का, एवढं महिनाभर बघा. होत नसेल तर त्या वाटेचा पुन्हा विचार करा.

खाजगी नोकरीचं पान सगळ्यात पातळ राहतं, कारण तिची जाहिरात पेपरात येत नाही. ते माणसांना विचारून भरायचं. आपल्याकडची केमिस्ट्रीची पोरं गुजरातेत वापी-अंकलेश्वरच्या केमिकल कंपन्यांत जातात; आपण सुरतेच्या लाईनवर असल्यामुळे ती गावं लांब वाटत नाहीत. जळगाव एमआयडीसीत चटई, पाईप, दालमिल आहेत, आणि केळीच्या टिश्यू कल्चरचं (प्रयोगशाळेत रोपं वाढवण्याचं) कामही जिल्ह्यात चालतं. तिथे कोणी ओळखीचं असेल तर ‘कसं काय आहे कंपनीत’ असं विचारू नका, ‘बरं आहे’ हेच उत्तर येतं. असं विचारा: पहिल्या महिन्यात कापून हातात किती आले? शिफ्ट बदलते का? प्रॉडक्शनमधून क्यूसीत (मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात) जाता येतं का? सोबत लागलेल्यांपैकी किती जण अजून आहेत? जे सोडून आले त्यांनाही गाठा. खरी माहिती तेच देतात. मुलींनी जनरल शिफ्ट मिळते का हे पहिल्याच फोनवर विचारावं, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

रोजच्या दोन ओळी

सवयींवर मला एकच गोष्ट सविस्तर सांगायची आहे: प्रॅक्टिकल. आपण जर्नल सिनिअरच्या जर्नलवरून उतरवतो, सही घेतो, विसरतो. माझा आतेभाऊ अंकलेश्वरला क्यूसीत आहे. त्याने सांगितलं, मुलाखतीत ऑरगॅनिकच्या अवघड मेकॅनिझम कोणी विचारल्या नाहीत. विचारलं ते एवढंच, की 0.1 नॉर्मल (नॉर्मल म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) सोडियम हायड्रॉक्साईडचं एक लिटर द्रावण कसं करशील. चार ग्रॅम वजन करून पाण्यात विरघळवेन, हे सगळेच सांगतात. पुढचा प्रश्न असतो, मग ते नेमकं 0.1 आहे हे कशावरून?

तिथे जर्नल उतरवणारा थांबतो. ते नेमकं नसतंच. सोडियम हायड्रॉक्साईड वजन करता करताच हवेतली ओल धरतं आणि कार्बन डायऑक्साईडही ओढतं, म्हणून काट्यावरचे चार ग्रॅम हे निव्वळ चार ग्रॅम नसतात. ते द्रावण ऑक्झॅलिक अ‍ॅसिडसारख्या प्रायमरी स्टँडर्डसमोर, म्हणजे ज्याच्या वजनावर भरवसा ठेवता येतो अशा रसायनासमोर, तपासून घ्यावं लागतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं 0.1 नॉर्मल द्रावण 100 मिलिलिटर करायचं तर 0.63 ग्रॅम. आणि इंडिकेटर, म्हणजे रंग बदलून कुठे थांबायचं ते दाखवणारा, फिनॉल्फथॅलीन का, मिथाईल ऑरेंज का नाही? कारण अ‍ॅसिड दुबळं आणि बेस तगडा, एंड पॉईंट अल्कलीच्या बाजूला पडतो.

म्हणून प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर त्याच दिवशी करिअरच्या वहीत दोनच ओळी: ‘आज काय केलं’ हे नव्हे, तर ‘तसंच का केलं’ हे. मग ते घरात कुणाला तरी तोंडी सांगा. माझ्याकडे आजी आहे, संध्याकाळी विचारतेच, “काय शिकी उनी वं माय आज?” (काय शिकून आलीस गं आज?) सोडियम हायड्रॉक्साईडचं सांगितलं तर म्हणाली, मग पापडखाराचं झाकण मी उगीच घट्ट लावते का, सादळतो तो. आजीला पटलं की समजायचं, मुलाखतीत सांगता येईल. नंतर तेच इंग्रजीत एकदा मोठ्याने म्हणा. वेगळा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावण्याआधी हे फुकटचं करून बघा.

मोबाईलचं थोडक्यात. भरतीच्या टेलिग्राम ग्रुपवर दर दोन तासांनी ‘जाहिरात आली’ असं येतं आणि निम्मं खोटं असतं. ग्रुप म्यूट करा, लोकसेवा आयोगाची आणि विद्यापीठाची अधिकृत वेबसाईट आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी बघा. काही चुकत नाही.

वाट सोडायची तारीख

प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक तारीख टाका: या तारखेपर्यंत झालं नाही तर ही वाट बंद. खुल्या प्रवर्गाला राज्यसेवेची वयोमर्यादा 38 आहे, मागासवर्गीयांना त्याहून जास्त. सरकारने दिलेली ही सूट आपल्या घराला परवडते असं नाही. तारीख चार महिन्यांनी पुढे ढकलायची असेल तर खुशाल ढकला, पण जुनी खोडून शेजारी नवी लिहा, म्हणजे किती वेळा ढकलली ते दिसतं. मुलींना या तारखेचा आणखी एक फायदा आहे. ‘अजून शिकायचंय’ म्हटलं की स्थळं येणं थांबत नाही. ‘अमुक महिन्यापर्यंत मला विचारू नका’ म्हटलं की निदान काका-मामांशी बोलता येतं.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण अर्ज इथेच अडतात. दहावीचं मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवा, नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. वडिलांच्या नावात कुठे ‘भाऊ’ आहे आणि कुठे नाही, हे आपल्याकडे घरोघरी. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, जाहिरात आल्यावर धावपळ होते. जात वैधता, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला. ज्यांना मुदत असते त्यांची मुदत वहीत टिपून ठेवा. मुलींनी हेही टिपावं: 2024-25 पासून राज्यात 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. बी.एड.चं पान लिहिताना खर्चाचा रकाना यामुळे बदलतो.

घरी सांगताना

वेळ निवडा. पेरणीच्या तोंडाशी, बी-खताची उधारी चालू असताना विषय काढू नका. कापसाचे पैसे आल्यावर, दिवाळी ते संक्रांतीच्या मधे बोला. सगळी वही नको, दोनच पानं पुढे ठेवा: पहिली पसंती आणि ती हुकली तर दुसरी. ‘माझं स्वप्न आहे’ वगैरे म्हणायची गरज नाही. किती पैसे, कोणत्या महिन्यात लागतील, कोणत्या तारखेला थांबणार, एवढं वाचून दाखवा. आमच्याकडे एम.एस्सी. पहिली आणि अंकलेश्वर दुसरी, असं मी ठेवलं. पप्पा खर्चावर काही बोलले नाहीत, तारखेवरही नाही. त्यांनी विचारलं, तिकडे भाकरी मिळते का. तेव्हा राहायच्या रकान्याखाली जेवणाचाही एक ठेवा: मेस, डबा की स्वतःचा गॅस, आणि त्याचे महिन्याला किती.