आई अचानक भलतंच बोलू लागली? ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका

मागच्या पावसाळ्यात एका रात्री अडीचच्या सुमारास आई पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, “खाली टांगा आलाय, माझं लुगडं काढ.” आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच संध्याकाळी तिने पाव किलो गवार मोडून दिली होती आणि कामवाल्या मावशींच्या खाड्यांचा हिशेबही सांगितला होता.

सकाळी घरात सगळ्यांचं एकमत झालं: ७८ वर्षं झाली, आता हे असंच चालायचं. तीन दिवस आम्ही तसेच काढले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, तर लघवीच्या संसर्गाने चांगलंच ठाण मांडलं होतं. ताप नव्हता, जळजळ नव्हती. ते तीन दिवस मला अजून टोचतात, म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक: डिलिरियमला डिमेन्शिया समजणं

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, तो महिन्या-वर्षांनी चढत जातो. डिलिरियम म्हणजे आजारपणात अचानक भान सुटून उडणारा गोंधळ, आईला झाला तो हाच. तो तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. सकाळी माणूस बरा वाटतो, दिवेलागणीला पुन्हा बिनसतं.

लघवीच्या पिशवीतले जंतू मेंदूत गेलेले नसतात. मेंदूपर्यंत जातो तो निरोप. संसर्गाशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांतली मुख्य. त्यांचा निरोप व्हेगस नर्व्ह या पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या नसेतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून मेंदूला पोचतो. तापात आपल्याला जेवण नकोसं होतं, कुणाशी बोलू नये, पडून राहावं असं वाटतं, ते यांच्याचमुळे. तरुणपणी एवढ्यावर भागतं. म्हातारपणी, विशेषतः विसरभोळेपणाला आधीच सुरुवात झाली असेल तर, मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशी राखेखालच्या निखाऱ्यासारख्या धुमसत असतात. बाहेरून फुंकर बसली की त्या स्वतःच सायटोकाइन ओतू लागतात आणि लक्ष, झोप, भान यांची घडी विस्कटते.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. एरवी सहज म्हणणारा माणूस दोन-तीन वारांनंतर भरकटला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा जीभ जड झाली तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा वार विचारत बसू नका, १०८ ला फोन करा.

लघवीत जंतू सापडले म्हणजे कारण हमखास सापडलं, असंही नाही. म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू असू शकतात. सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, न्यूमोनिया, नवी सुरू केलेली गोळी, हे सगळं पाहावं लागतं. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका.

दुसरी चूक: झोपेची गोळी देणं, आणि गप्प पडलेल्याकडे दुर्लक्ष करणं

आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. पण डिलिरियममधली बरीच माणसं नुसती पेंगत राहतात. घरचे म्हणतात, “बरं झालं, विश्रांती घेतायत.” हाच प्रकार जास्त निसटतो. आणि मनाने दिलेली झोपेची गोळी गोंधळ आणखी वाढवू शकते. त्यापेक्षा चष्मा डोळ्यावर, यंत्र कानात, घड्याळ समोर, रात्री मंद दिवा आणि जवळ ओळखीचं माणूस, याने खरोखर फरक पडतो.

तिसरी चूक: ‘सूज वाईट, मग दाबून टाकू’

सायटोकाइनमुळे मेंदूत होणाऱ्या या सुजेबद्दल, म्हणजे दाहाबद्दल, वाचलं की लोक हळदीच्या कॅप्सूल आणतात. वरणातल्या हळदीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कॅप्सूलमधला अर्क वेगळा: काहींना त्याने यकृताचा त्रास झालेला आहे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊच नये. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) टळेल, ही आशाही अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत तपासली गेली. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन पाहिलं. हृदयाच्या धोक्याच्या शंकेने २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या, आणि आजार टळल्याचंही दिसलं नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूवरच उलटते त्या आजाराचा, अनुभव तर डोळे उघडणारा आहे. टीएनएफ रोखणारी औषधं संधिवातात आराम देतात. तसंच एक औषध या मेंदूच्या आजारात वापरलं, तेव्हा आजार पुन्हा पुन्हा उफाळण्याचं प्रमाण वाढलं. एकच प्रथिन कुठे जाळतं, कुठे सावरतं.

चौथी चूक: सीआरपीच्या आकड्यावरून मेंदूचं निदान

सीआरपी हे रक्ततपासणीत मोजलं जाणारं एक प्रथिन. इंटरल्युकिन-६ च्या निरोपावरून यकृत ते बनवतं. आकडा वाढला म्हणजे शरीरात कुठेतरी दाह आहे, एवढंच कळतं. तो मेंदूत आहे का, हे त्यावरून ठरत नाही.

उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी आई ठणठणीत होईल असं मला वाटलं होतं. तसं होत नाही, डोकं ताळ्यावर यायला कधीकधी काही आठवडे लागतात. आईला नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी चहा घेताना तिने रविवारपासून सोमवारपर्यंत उलटे वार न अडखळता म्हटले आणि विचारलं, “गवार मी मोडून ठेवली होती, केली का कुणी?”